झोंबाहून आलेलं पत्र

अकरा हजार हा आकडा मी काढला होता. एका मंगळवारी, दुपारच्या चहाच्या आधी.

मी संगणकाला एवढंच विचारलं होतं: मलावी देशातल्या झोंबा शहरात फेब्रुवारीत सापडलेला विषाणू तेव्हा सापडलाच नसता, तर काय झालं असतं? विमानांची वेळापत्रकं, लसीकरणाच्या नोंदी, पावसाचे महिने असं सगळं धरून संगणकाने ती गोष्ट दहा हजार वेळा नव्याने घडवून पाहिली. बहुतेक वेळा विषाणू सात महिन्यांत मुंबईत उतरला. तिथून पुणे, नाशिक, सुरत. सरासरी अकरा हजार भारतीय मुलांचे पाय लुळे पडले.

प्रत्यक्षात एकाही मुलाचे पडले नाहीत, कारण झोंबाच्या प्रयोगशाळेने विषाणू वेळेत पकडला आणि पंधरा दिवसांत तीन लाख मुलांच्या तोंडात लसीचे थेंब गेले. ती प्रयोगशाळा आपण उभारून दिली होती. वर्तमानपत्रांनी आकडा उचलला. एका मंत्र्यांनी भाषणात वापरला. आमच्या कॅन्टीनमधले वाघमारे काका मला चहा देताना म्हणू लागले, "घ्या, अकरा हजारवाल्या मॅडम."

हे २०४३ साल. देश श्रीमंत झाला होता, निदान जगाच्या यादीत वरून तिसरा होता, आणि श्रीमंत देशांना पडणारा प्रश्न आता आपल्यालाही पडला होता: बाहेर किती द्यायचं? संसदेत दोन अधिवेशनं त्यावर वाद चालला होता आणि त्या वादात आमचा 'नाडी' प्रकल्प सापडला होता.

'नाडी' हे बुटाच्या खोक्याएवढं यंत्र आहे. माणूस आजारी पडला हे त्याला कळण्याआधी त्याच्या आतड्यातले जंतू, विषाणू असोत की जिवाणू, संडासावाटे बाहेर पडतात. त्यांचे तुकडे सांडपाण्यात मिळतात. प्रत्येक जंतूच्या जनुकात ओळख पटवणारा एक ठरावीक भाग असतो; झोंबाच्या विषाणूत तो तीनशेसाठ अक्षरांचा. यंत्र तेवढा भाग वाचतं आणि ओळखीच्या जंतूंशी ताडून पाहतं. एखादं अक्षर बदललेलं दिसलं की समजायचं, नवा प्रकार आला. भारताने अशी यंत्रं अडतीस प्रयोगशाळांना दिली होती, बहुतेक आफ्रिकेत.

झोंबाला एक अडचण होती. तिथे गटारं फारशी नाहीत, खड्ड्याचे संडास आहेत. त्यावर तिथल्या थोकोझानी बांदा या शास्त्रज्ञाने आपल्या डोक्याने तोड काढली. तो संडासांजवळ चिकटपट्ट्या टांगायचा. त्यांना माशा चिकटायच्या. माशीच्या पायाला जे लागलेलं असेल ते धुऊन यंत्रात घालायचं. आमच्याकडे पुण्यात याला 'माशीपुराण' म्हणत. हसायचे सगळे. मीही हसले होते.

संसदेची समिती गुरुवारी पुण्यात येणार होती. प्रकल्प ठेवायचा की गुंडाळायचा, ते त्या भेटीवर ठरणार होतं. आमच्या प्रमुख काणेकर मॅडम समितीपुढे बोलणार आणि आकड्याची चित्रं मी दाखवणार, असं ठरलं होतं.

सोमवारी सकाळी भूषणदादाचा फोन आला. माझा सख्खा भाऊ. सातपुड्यात आंबलीबारीच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे.

"काय गं पुणेकरीण, गुरुवारी आहेस ना हॉलमध्ये?"

"असणारच. तू कशाला विचारतोस?"

"मीपण आहे. डॉक्टरांच्या संघटनेतर्फे साक्ष द्यायला. तुमच्या विरोधात."

मी म्हटलं, "दादा, हे आईला सांगितलंस?"

"आईने दोघांनाही डबा देणार म्हणून सांगितलंय. तुला मेथीची भाजी, मला मिरचीचा ठेचा."

मला हसू आलं, त्याला नाही. तो म्हणाला, "शर्वरी, जुलैमध्ये वरच्या पाड्यावरून एक पोरगी आणली होती. सात वर्षांची. ताप आणि झटके. नमुना खाली शहरात पाठवला. निकाल कधी आला माहितीये? नवव्या दिवशी. तेव्हा ती राहिलेली नव्हती. तुझ्या त्या झोंबात किती वेळात येतो निकाल?"

"चार तासांत."

"चार तास. आणि मी चार वर्षं तुला सांगतोय, एक खोकं इकडे दे."

"तुझ्या पाड्यांवर गटारं नाहीत रे. आमच्या नियमात बसत नाही. यंत्राला सांडपाणी लागतं."

"माणसं आहेत आमच्याकडे. ती बसतात का नियमात?" असं म्हणून त्याने ओपीडीची वेळ झाल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी दुपारी मी समितीसाठी चित्र करायला बसले. खासदारांना अक्षरं वाचता येणार नाहीत, म्हणून झोंबाच्या विषाणूची तीनशेसाठ अक्षरं एका लांब पट्टीवर राखाडी रंगात मांडली आणि नैसर्गिक विषाणूपेक्षा वेगळी असलेली अक्षरं लाल केली. पाच होती, हे मला आधीच माहीत होतं. यादीत ती मी शंभर वेळा पाहिली होती. पट्टीवर मात्र पहिल्यांदाच पाहत होते.

पाच लाल रेघा. साठावं अक्षर, एकशेविसावं, एकशेऐंशीवं, दोनशेचाळिसावं, तीनशेवं.

निसर्ग असा पट्टी घेऊन बसत नाही. अक्षरं कुठेही बदलतात, वेडीवाकडी. साठ-साठाच्या अंतराने अक्षरं माणूस बदलतो.

आणि ती बदलणारी माणसं आम्हीच होतो. प्रयोगशाळेत यंत्र नीट चालतंय ना हे तपासायला 'कंट्रोल' वापरतात: विषाणूचा कृत्रिम, निरुपद्रवी तुकडा. तो यंत्राला दिसलाच पाहिजे. दिसला नाही तर यंत्र बिघडलंय. खऱ्या विषाणूशी गफलत होऊ नये म्हणून त्यात मुद्दाम खुणा घालतात. पुण्याच्या कंट्रोलमधल्या खुणा काय आहेत हे पुण्याच्या वहीत लिहिलेलं होतं. झोंबाच्या यंत्राला ते कसं कळणार? त्याला वाटलं, नवा विषाणू.

पण पुण्याचा कंट्रोल झोंबाला गेला कसा? मी नोंदी काढल्या. फेब्रुवारीतले तिन्ही नमुने तीन वेगळ्या वस्त्यांमधले होते, पण ज्या नळ्यांमध्ये ते घेतले त्या एकाच पेटीतल्या होत्या. ती पेटी पुण्यात भरली होती. तारीख पाहिली आणि फोनमधले फोटो उघडले.

खंडेनवमी. दरवर्षी आम्ही यंत्रांची पूजा करतो. नाड्यांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, पेढे. फोटोत मी जांभळी साडी नेसून हसत उभी आहे. माझ्या मागे पूजेसाठी मोकळं केलेलं मोठं टेबल. आणि त्या टेबलावरून हलवलेले उघड्या नळ्यांचे रॅक डाव्या कोपऱ्यात, कंट्रोल ओतायच्या ओट्यावर. ते तिथे कुणी ठेवले हे मला आठवत होतं. "शर्वरी, ते जरा सरकव ना, रांगोळी काढायचीय," असं कुणीतरी म्हटलं होतं आणि मी सरकवले होते. त्या ओट्यावर उडालेला एक अदृश्य थेंब पुरेसा असतो. हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवते.

म्हणजे झोंबात विषाणू नव्हताच. मुंबईत काही उतरणार नव्हतं. अकरा हजारांचा खरा आकडा शून्य होता.

काणेकर मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"बरं केलंस. शुक्रवारी सांगू."

"मॅडम, समिती गुरुवारी आहे."

"म्हणूनच." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "अगं, मी काही खोटं रेटणारी बाई नाही. वीस वर्षं ओळखतात मला लोक. पण ऐक. मे महिन्यात झोंबाजवळच्या सरोवरावर कॉलरा आला. कोळ्यांच्या वस्त्या, पाण्यावर तरंगणारी घरं. थोकोच्या माणसांनी चार तासांत ओळखला. सहा माणसं गेली. त्याआधीच्या साथीत किती गेली होती?"

"चारशेबारा."

"हे खरं आहे ना? नळ्या बिळ्या सगळं तपासलेलं?"

"हो."

"मी हा आकडा दिल्लीत तीनदा दाखवला. तिन्ही वेळा विचारलं गेलं, त्यात आपलं काय? कोळी मुंबईला येणार होते का? नाही येणार. मग पुढचं चित्र दाखवा. तुझे अकरा हजार दाखवले तेव्हा पहिल्यांदा सगळे खुर्चीत सरळ बसले." त्या थांबल्या. "तू गुरुवारी खरं सांगितलंस तर अडतीस प्रयोगशाळा बंद होतील. पुढच्या मे महिन्यात पुन्हा कॉलरा येईल. तो काही तुझ्या खरेपणाला मान देऊन थांबणार नाही."

मी माझ्या टेबलाकडे परत आले.

मंगळवारी मी थोकोला फोन लावला. निदान त्याला आधी कळायला हवं, असं मला वाटलं. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण तो फोनवरही पहिली दोन मिनिटं तब्येत, घर, आईवडील, पाऊस हे सगळं विचारल्याशिवाय कामावर यायचा नाही. मला डॉक्टरेट नसूनही तो मला 'डॉक्टर शर्वरी' म्हणायचा.

मी खुणांचं सांगितलं. साठ, एकशेवीस, एकशेऐंशी.

"थोको, ऐकताय ना?"

"ऐकतोय. डॉक्टर शर्वरी, हे तुम्हाला आज कळलं?"

"काल."

"मी तुम्हाला नऊ जूनला लिहिलं होतं."

मला काही समजेना.

"लसीकरण झाल्यावर मला झोप लागेना," तो म्हणाला. "एकही मूल आजारी नाही, एकाही मुलाला ताप नाही, आणि तीन वस्त्यांत विषाणू? मी इथे बनवलेल्या नळ्या घेऊन त्याच संडासांजवळ पुन्हा पट्ट्या लावल्या. दोनशे पट्ट्या. काही नाही. मग तुमच्या पेटीतली रिकामी नळी, माशी न घालता, यंत्रात घातली. विषाणू सापडला. मी चार पानी पत्र पाठवलं. तुमचं उत्तरही आलं."

"माझं?"

"'आपली सूचना मिळाली. आभार.' दोन सेकंदांत आलं. मला वाटलं, पुण्याचे लोक फारच कार्यक्षम."

ते उत्तर मीच लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी 'भागीदारांच्या सूचना' असा एक ईमेल पत्ता तयार करून त्याला आपोआप जाणारा आभाराचा मजकूर मी लावून दिला होता. त्या पत्त्यावर येणारी पत्रं कुणी वाचायची, हे मात्र ठरवायचं राहून गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आपण देणारे होतो. घेणाऱ्याकडून आभार येतील, फार तर मागण्या येतील, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

फोन चालू असतानाच मी त्या पत्त्याची पेटी उघडली. अडतीस प्रयोगशाळांकडून आलेली सातशे तीन पत्रं. एकही उघडलेलं नव्हतं.

"थोको, हे कळलं तर तुमची प्रयोगशाळा बंद होऊ शकते. हे माहीत असून का लिहिलंत?"

तो जरा गोंधळला. मी काहीतरी विचित्र विचारल्यासारखं. "पहिल्या प्रशिक्षणात तुम्हीच शिकवलंत ना? रिकामी नळी आधी तपासा, आणि जे दिसेल ते कळवा. मला वाटलं, तो नियम तुम्हालाही लागू आहे."

गुरुवारी दादा माझ्या आधी बोलला. समितीच्या अध्यक्षा मिझोरमच्या खासदार लालरिनपुई होत्या. बारीक चणीच्या, सगळं स्वतः वहीत लिहून घेणाऱ्या. दादाने कागद वाचला नाही.

"परदेशात मदत करू नका, असं म्हणायला मी आलेलो नाही," तो म्हणाला. "मी फक्त रांगेबद्दल विचारतोय. नऊ दिवस निकालाची वाट पाहणारी माणसं याच देशात आहेत. ती गरीब आहेत म्हणून आधी घ्या असंही म्हणत नाही. ती तुमची आहेत. आपल्या घरातलं माणूस तापाने फणफणलेलं असताना शेजारी डॉक्टर पाठवणाऱ्याला लोक चांगलं म्हणतात खरं, पण घरातली माणसं काय म्हणतात तेही एकदा विचारा."

हॉलमध्ये कुजबूज झाली. एका सदस्यांनी बाकावर हात आपटून दाद दिली. मग मॅडम बोलल्या. त्यांनी प्रकल्पाची माहिती दिली आणि म्हणाल्या, "पुढचं आमच्या शर्वरी खैरनार दाखवतील." माझ्याकडे पाहताना त्यांचा चेहरा अगदी साधा होता. त्यांनी मला अडवलं नाही, एवढं मी आजही त्यांच्या बाजूने सांगते. अडवायचं असतं तर त्या स्वतःच चित्र दाखवू शकल्या असत्या.

मी राखाडी पट्टी पडद्यावर लावली. लाल रेघा मोजून दाखवल्या. खंडेनवमीचा फोटो लावला. रॅक दाखवले आणि ते मीच सरकवले होते हे सांगितलं. मग थोकोचं पत्र वाचलं, चारही पानं: दोनशे पट्ट्या, माशा, रिकामी नळी. शेवटी आमचं दोन सेकंदांतलं उत्तरही वाचलं.

"तेव्हा अकरा हजार हा आकडा शून्य आहे," मी म्हटलं.

दाद देणारे सदस्य हसले. "म्हणजे तीन लाख पोरांना उगाच थेंब पाजले?"

"हो. अपाय झाला नाही. पण पंधरा दिवस तिथल्या परिचारिका दुसरं काही करू शकल्या नाहीत. त्याची किंमत त्यांनी मोजली, आम्ही नाही."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. हिंदीत विचारलं, "मग तुमचं मत काय? आम्ही कमी द्यावं की जास्त?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि तीन दिवस मी उत्तर शोधत होते.

"किती द्यावं हे मला ठरवता येत नाही," मी म्हटलं. "पण सरोवरावरच्या कॉलऱ्यात आधी चारशेबारा माणसं गेली होती, या वेळी सहा गेली. त्यातलं एकही माणूस कधी भारतात आलं नसतं. हा आकडा आमच्या अहवालात बारीक अक्षरात, पानाच्या तळाशी आहे. तुम्ही सरळ बसावं म्हणून आम्ही आपल्या मुलांची भीती वर आणली. ती चारशे माणसं पुरेशी वाटत नसतील, तर कमी द्या. तसं म्हणून द्या. आणि पुरेशी वाटत असतील, तर आम्हाला आणखी भीतीची चित्रं काढायला लावू नका."

कुणी दाद दिली नाही. अध्यक्षांनी पुन्हा पेन उचललं आणि विचारलं, "त्या सातशे पत्रांत आणखी काय आहे?"

"माहीत नाही, मॅडम. अजून वाचतेय."

बाहेर व्हरांड्यात दादा माझी वाट पाहत उभा होता. डबा उघडलेला, ठेचा अर्धा संपलेला.

"तुला वेड लागलंय," तो म्हणाला. "तुमची बाजू तूच पाडलीस. आता माझ्या बाजूने तरी बोलायचं, तेही नाही."

"भाकरी दे."

त्याने दिली. मग एकदम म्हणाला, "त्या पत्रात माशांचं काय होतं?"

"चिकटपट्ट्या. संडासाजवळ टांगायच्या. त्यांच्याकडे गटारं नाहीत ना."

दादाचा घास हातातच राहिला. "गटार लागत नाही?"

"नाही."

"मग तू मला चार वर्षं काय सांगत होतीस?"

पुण्याच्या नियमांत जे लिहिलंय ते मी त्याला सांगत होते. झोंबाची पद्धत पुण्याच्या नियमांत लिहिलेली नव्हती. आम्ही त्यांना शिकवायला जात होतो. त्यांच्याकडून काही लिहून घ्यायला कुणी गेलंच नव्हतं.

दोन महिन्यांनी समितीचा निर्णय आला. प्रकल्प बंद झाला नाही, तिसऱ्या हिश्श्याने कापला गेला. अडतीसपैकी तेरा प्रयोगशाळा गेल्या. झोंबा राहिली, पण चौदा माणसांची नऊ झाली. थोकोने ती पाच नावं मला फोनवर सांगितली, एकेक करून. मी ती लिहून घेतली. काणेकर मॅडम पदावरून बाजूला झाल्या. जाताना माझ्या टेबलावर एक कागद ठेवून गेल्या. त्यावर एवढंच होतं: मे महिना लक्षात ठेव. मी तो काढलेला नाही. रोज सकाळी आधी सूचनांची पेटी उघडते आणि मग तो कागद दिसतो.

कपातीनंतरच्या आठवड्यात दादाचा फोन आला. आवाज पडलेला.

"त्या थोकोला विचारशील का, पट्ट्या कशा लावायच्या ते?"

"तू विचार. पत्ता देते."

"अगं, त्याची पाच माणसं गेली, आणि मी त्या हॉलमध्ये काय बोललो ते त्याने वाचलं असेल. कुठल्या तोंडाने विचारू?"

"मागायचं असतं तेव्हा असंच वाटतं, दादा."

त्याने तीन दिवस लावून पत्र लिहिलं. शनिवारी मी आंबलीबारीला गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच पाठवलं. सगळं मोकळेपणाने लिहिलं होतं: साक्ष, ती सात वर्षांची पोरगी, नऊ दिवस, पाड्यांवरचे खड्ड्याचे संडास. पाठवून त्याने फोन टेबलावर ठेवला आणि दोन सेकंदांत तो वाजला. उत्तर आलं होतं.

'आपली सूचना मिळाली. आभार.'

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "मीही हेच केलं असतं."

बाहेर रुग्णांची रांग सरकत होती. पाचेक मिनिटांनी फोन पुन्हा वाजू लागला. परदेशी नंबर. दादाने स्पीकर लावला.

पलीकडे कुणीतरी पोट धरून हसत होतं.

"घाबरलात ना, डॉक्टर भूषण?" थोको म्हणाला. "भारतातून येणाऱ्या पहिल्या पत्रासाठी ते उत्तर मी लावूनच ठेवलं होतं. एवढी गंमत मला करू द्या, मी जूनपासून वाट पाहत होतो." मग त्याने दादाची तब्येत विचारली, घरचं विचारलं, आईचं विचारलं, पाऊस कसा झाला ते विचारलं. दादा प्रत्येकाचं उत्तर देत गेला, डोळे पुसत.

"बरं," थोको म्हणाला, "आता कामाचं सांगा. तुमच्याकडे माशा किती आहेत?"